तिसरं पाणी

सकाळी प्रयोगशाळेचा नळ सोडला तर आधी खोकला आला, मग थुंकी, मग नुसती हवा. शिपायानं बातमी दिली की आता टँकर एकाआड एक दिवस येणार. मी काचपट्ट्या घेऊन उभा होतो. दोन पाण्यांतून काढून झाल्या होत्या, तिसरं राहिलं होतं. हातात बाटली होती, बाटलीत पाणी होतं, आणि हात काही पुढं जाईना. इतकी वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, नावापुढं दोन पदव्या लागल्या, पण टँकर म्हटलं की माझा हात माझं ऐकत नाही. तो आईचं ऐकतो.

आमच्या बीडकडं दुष्काळाला सालाचं नाव नसतं. एकाच गल्लीत चार माणसं ‘त्या दुष्काळात’ म्हणतात आणि चौघांच्या मनात चार वेगळे दुष्काळ असतात. एकाचा विहीर खचली तेव्हाचा, एकाचा थोरलीचं लगीन मोडलं तेव्हाचा. माझा वासरांचा. तो मी कुणाला फारसा सांगत नाही. सांगितला तर माझ्या फजितीपाशी लोक हसतात आणि उठून जातात, त्याच्या पुढचं ऐकायला थांबत नाहीत.

त्या उन्हाळ्यात माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडलेला. बुडालेल्या वाटा वर आल्या होत्या, आणि म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन त्या वाटांवरून चालून यायची. एकदा मीही गेलतो. भेगाळलेल्या गाळात पाय ठेवला की तो कुरकुरायचा, पापडासारखा. शिंपले वाळून पांढरे पडले होते. लांब कारखान्याचं धुराडं नुसतंच उभं होतं. वास कसलाच नव्हता. पाणी गेलं की वासही जातो, हे मला तिथं कळलं.

वास होता तो छावणीत. दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावाबाहेर सहकारी दूध संस्थेचं मैदान. एरवी तिथं टमटम उभे असायचे, कॅन वाजायचे. त्या साली तिथं चारा छावणी पडली. पाचटाचे मांडव, मांडवाखाली दावणी आणि दावणीला सगळ्या गावाची गुरं. उसाच्या वाढ्यांचा आंबूस वास, शेणाचा, तापल्या पत्र्याचा, आणि माणसांचाही, कारण गुरांबरोबर घरटी एक माणूस तिथंच राहायला होतं. पहाटे चाऱ्याचा ट्रक फाट्यावरून वळला की सगळी दावण एकदम उठून हंबरायची. पुढं पुढं गुरांना ट्रकचा आवाज आणि टँकरचा आवाज वेगळा कळायला लागला. टँकर आला की ती हंबरायची नाहीत, नुसती माना वर करून उभी राहायची. मला तो हंबरडा चालायचा, ते उभं राहणं बघवायचं नाही.

मी तेव्हा परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होतो. माझा प्रबंधाचा विषय गावात कुणालाच सांगता यायचा नाही, आणि खरं म्हणजे मलाही नीट यायचा नाही. मेलेल्या जनावराच्या फुप्फुसाचा तुकडा घ्यायचा, गोठवायचा, कागदाहून पातळ चकती कापून काचपट्टीवर ठेवायची, आणि त्या एकाच चकतीत दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या रंगांत चमकवून दाखवायच्या. विषाणू असेल तर हिरवा. घटसर्पाच्या कुळातला जिवाणू असेल तर लाल. जिथं दोघं एकमेकांच्या अंगावर, तिथं पिवळा. आणि पेशींची केंद्रकं निळी, म्हणजे आपण कुठं उभे आहोत ते कळावं म्हणून.

आईनं एकदा विचारलं की हे चमकतं कसं. मी तिला नारायणगडाची जत्रा सांगितली. समज, जत्रेत हजारो माणसं आहेत. एका बाईचं पोरगं हरवलंय. तिच्या हातात हिरवा कंदील. ती प्रत्येकाचं तोंड बघत जाते, आणि आपलं पोरगं सापडलं की त्याला धरून बसते, मग कुणी ढकललं तरी उठत नाही. दुसऱ्या बाईचं दुसरं पोरगं, तिचा कंदील लाल. अशा बायका आम्ही त्या चकतीवर सोडतो. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. मग चकती धुतो. ज्यांना पोरगं सापडलं त्या बसून राहतात, ज्यांना नाही सापडलं त्या पाण्याबरोबर वाहून जातात. मग अंधार करायचा आणि कंदील कुठं कुठं उरले ते बघायचं.

“ज्यांचं सापडलं न्हाई त्यांना हाकलून देतो व्हय रे तू?” आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

तर सांगायचं ते हे की दुष्काळ माझ्या प्रबंधाला मानवत होता. गुरं मरत होती आणि मला नमुने मिळत होते. दुसरी पोरं सुटीला घरी यायची, मी मयताला यायचो. गावात माझं नाव ‘कावळा डाक्टर’ पडलं होतं. कुणाचं वासरू आडवं झालं आणि मी शेजारून गेलो की मालक म्हणायचा, “अजून जित्तं हाय बे. पुढं व्हय.”

तुकडे नेण्याची सोय मात्र मी मोठ्या हुशारीनं केली होती. फुप्फुस तिथल्या तिथं गोठलं पाहिजे, आणि छावणीत बर्फ तर सोडाच, गार पाणी नव्हतं. पण दूध संस्थेकडं नायट्रोजनचा कॅन होता. गाई भरवायच्या वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यात ठेवतात, हाडं गोठवणारा गारवा असतो आत. त्या साली कोण गाय भरवणार? नायट्रोजन होता, पण कॅन नुसताच पडून होता. मी तो मागून घेतला आणि एसटीत पायांमध्ये धरून परभणीला नेला. झाकणाच्या कडेनं पांढरी वाफ निघायला लागली तसा कंडक्टर मागं सरकून उभा राहिला. आत काय आहे म्हणाला. मी संस्थेच्या वळूच्या कांड्यांचा कॅन आहे म्हणालो. शेजारची म्हातारी कॅनकडं बघत म्हणाली, “वळू हाय व्हय आत? मंग त्याचं तिकीट काढ की.” अख्खी बस हसली. त्या उन्हाळ्यात इतकी माणसं एकदम हसलेली मी तेवढीच पाहिली. कॅनमध्ये दोन वासरांची फुप्फुसं होती.

पहिलं वासरू आबांचं. भानुदास आबा म्हणजे संस्थेचे चेरमन. छावणी त्यांनीच आणली, जिल्ह्याला खेटे घालून, आणि ती नसती तर अर्धी दावण वैशाखातच कातड्याच्या भावानं गेली असती, हे त्यांचे विरोधकही कबूल करायचे. त्यांचं वासरू आठवडाभर खोकत होतं, नाकाला पिवळा शेंबूड, आणि एका दुपारी गेलं.

दुसरं गयाकाकूचं. गयाकाकू ऊसतोडीहून परत आलेली, सोबत तांबडी गाय आणि तिचं तिकडं ऊसपट्ट्यात जन्मलेलं गोऱ्हं. नवरा तिकडूनच वीटभट्टीवर गेला होता. तिच्या मागं गाय सोडून काही नव्हतं आणि गाईच्या मागं ती सोडून कुणी नव्हतं. आबांच्या वासरानंतर चार दिवसांनी तिचं गोऱ्हं गेलं आणि छावणीत कुजबुज सुरू झाली. हिनंच कारखान्याकडनं रोग आणला. आबांच्या वासराला हिच्याच गोऱ्ह्याचं लागलं. एवढ्या गुरांचा प्रश्न आहे, हिची गाय भाईर काढा.

भाईर काढा म्हणजे काय हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. बाहेर वाढं नव्हतं, टँकर नव्हता. बाहेर काढलेली गाय आठ दिवसही काढणार नव्हती.

गोऱ्ह्याची चिरफाड मी बाभळीखाली केली. त्याच्या तोंडाला सुतळीचं मुसकं तसंच होतं, ते मी कापून बाजूला टाकलं. गयाकाकूनं मला मदत केली. म्हणजे आपल्याच गोऱ्ह्याचा पाय धरून उभी राहिली, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या डोळ्यांवर पदर धरला. छाती उघडायच्या आधी पोट उघडावं लागतं. पोटात दुधाचं दही नव्हतं. माती होती, थोडे केस, पोत्याची सुतळी. मी ते बाजूला सारलं, कारण माझा विषय फुप्फुस होता.

“आतून बरं हाय का रे?” तिनं विचारलं.

“आतलं नुसत्या डोळ्याला दिसत नसतं, काकू,” मी म्हणालो. पंचविसाव्या वर्षी माणूस अशी वाक्यं फार गंभीरपणे बोलतो.

आबांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुझं यंत्र काय म्हणतं ते कळव. काकूच्या गोऱ्ह्यात रोग निघाला तर गाय बाहेर, नाही निघाला तर आत. तोवर कुणी काही बोलायचं नाही. इतका सरळ माणूस. आणि त्या माणसानं आपला निकाल ज्याच्या हातात दिला, तो मी.

आता माझी फजिती.

परभणीलाही पाणी नव्हतं. वसतिगृहात बादलीला बादली मोजून मिळायची. पण त्याआधीची शिकवण घरची होती. आमच्याकडं आंघोळ बाजेवर बसून करायची. बाजेखाली घमेलं. घमेल्यात पडलेल्या पाण्यात कपडे, कपड्यांच्या पाण्यात भांडी, आणि उरलेलं म्हशीच्या अंगावर. पाणी एकदा वापरून टाकून देतात ही गोष्टच मी परभणीत येईपर्यंत पाहिली नव्हती. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याचं यंत्र होतं. वाटीभर शुद्ध पाणी तयार करायला ते नळाचं बादलीभर पाणी गटारात सोडायचं. पहिल्या दिवशी मी त्या नळीखाली बादली लावली होती.

पट्ट्या दर टप्प्याला तीन पाण्यांतून काढायच्या असतात, दर वेळी ताज्या. कारण सांगितलंच, ज्या बायकांना पोरगं सापडलं नाही त्या वाहून गेल्या पाहिजेत. हे सगळं मला पाठ होतं, तोंडी परीक्षेत मी ते घडाघडा सांगितलं होतं. पण त्या दिवशी हातात बाटली धरली आणि डोळ्यांपुढं माना वर करून उभी राहिलेली दावण आली. मी एकाच पाण्यातून सगळ्या पट्ट्या काढल्या. पहिलीचं पाणी दुसरीला, दुसरीचं तिसरीला. आणि उरलेलं पाणी, कुणाला सांगू नका, खिडकीतल्या तुळशीला घातलं.

सूक्ष्मदर्शकाची खोली काळ्या पडद्याची. बाहेर भर दुपार, आत गुडुप अंधार. मी डोळा लावला आणि बघतच राहिलो. सगळीकडं हिरवं. काठोकाठ हिरवं, मध्ये मध्ये लाल, जिकडं नजर जाईल तिकडं. महिनोन्‌महिने मी मातकट रंगाशिवाय काही पाहिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मला दिसलेली पहिली हिरवळ ती. आबांची पट्टी बघितली, हिरवी. काकूची बघितली, तीही हिरवी. तिसरी एक होती, ती बघायचं राहूनच गेलं, कारण मी फोन करायला बाहेर पळालो होतो.

“आबा, दोन्हीतबी हाय,” मी ओरडून सांगितलं.

आबा बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसरी पट्टी शेख मॅडमनी बघितली. त्या माझ्या मार्गदर्शक, अंबाजोगाईच्या, बोलायला कमी. डोळा न काढताच विचारलं, ही कुणाची. मी म्हणालो, धडधाकट जनावराची, तुलनेसाठी ठेवतात ती. त्या म्हणाल्या की मग धडधाकट जनावर इतकं हिरवं कसं. मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, तू बघितलंच नाहीस.

“किती पाण्यांतून काढल्यास?”

“एका.”

“आणि दुसऱ्या पट्टीला?”

“तेच.”

आता पट्टी डोक्यात घालतात असं मला वाटलं. त्यांनी डोळा वर केला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की घरी टँकर किती दिवसांनी येतो. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मीपण हेच केलं होतं.” आणि कपाटातून स्वतःच्या राखीव पाण्याची मोठी बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. “ओत. जीव गेला तरी ओत.”

मी ओतलं. नव्या चकत्या कापल्या, पुन्हा सगळं केलं, आणि दर वेळी मोरीत जाणाऱ्या पाण्याकडं न बघता खिडकीकडं बघत राहिलो. तिसऱ्या पाण्याला माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. ते वाचवायचं सुचलं नाही.

या वेळी आधी धडधाकट पट्टी लावली. काळी. मग आबांच्या वासराची. काळ्यात हिरवे पुंजके, त्यांना लागून लाल, आणि मध्ये कुठं कुठं पिवळं. विषाणूनं दार उघडलेलं आणि जिवाणू आत घुसलेला, सगळी कहाणी एका चकतीत.

मग काकूच्या गोऱ्ह्याची. निळे ठिपके आणि काळं. सरकवत गेलो, काळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक कंदील नाही. नुसते निळे ठिपके, एकमेकांशेजारी नीट, पावसाळ्याआधी नांगरून ठेवलेल्या रानासारखे. सुंदर फुप्फुस होतं. त्या गोऱ्ह्याला श्वास घ्यायची कसलीही अडचण नव्हती.

मी आनंदानं टेबलावर हात मारला. काकूची गाय वाचली होती. या वेळी फोन केला नाही. फोनवरचा माझा शब्द मीच वापरून टाकला होता. मिळेल ती एसटी धरली.

छावणीत पोचलो तर तांबडी दोराच्या पलीकडं, त्याच बाभळीखाली. काकू शेजारी. आबांनी पुरतं बाहेर काढलं नव्हतं. लोक ओरडत होते, पण मध्ये दोर बांधून त्यांनी तिला मैदानाच्या काठावर ठेवलं होतं, आणि वाढ्याची पेंढी दोरावरून फेकली जायची. लोक दोरापाशी येताना तोंडाला फडकं लावायचे. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, पट्ट्या धुतल्याच नव्हत्या. काकूच्या गोऱ्ह्यात रोग नाही. रोग आबांच्या वासरात. सगळे आबांकडं बघायला लागले. एक म्हातारा मला म्हणाला, “कावून आला बे मंग परत? आदीच धुवायचं ना.” आणि छावणी पोट धरून हसली. ही ती जागा, जिथं लोक उठून जातात.

आबा हसले नाहीत. स्वतः उठले, दोर सोडला, तांबडीचा कासरा धरून तिला तिच्या खुंट्यापर्यंत आणलं, आणि आपली गुरं सोडून पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. कुणी मदतीला गेलं तर नको म्हणाले.

आता माझ्याकडं पोरं शिकायला येतात. पट्टी काळी दिसली की म्हणतात, सर, काही नाही, निल. पटकन सोडून देतात, पुढची लावतात. मी विचारतो, जनावराचं पोट कुणी उघडलं होतं का? पोरं एकमेकांकडं बघतात. त्यांना वाटतं सरांचं वय झालं.

त्या दिवशी छावणीत काकूनं गाईला पाणी दाखवलं, तिच्या पाठीवरची धूळ पदरानं झाडली. मी तिथंच घुटमळत होतो. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “मंग कशानं गेलं रे ते?”

मी अशक्तपणा म्हणालो. ती म्हणाली, म्हंजे काय. मी काहीतरी मोठा शब्द बोललो. तो हवेतच राहिला.

छावणीचा एक नियम होता. ज्याचं दूध संस्थेला, त्याचंच जनावर छावणीत. तो वाईट नियम नव्हता. दूध आलं नाही तर संस्था बंद, संस्था बंद तर छावणी बंद, हे आबा बैठकीत बोटांवर मोजून समजावून सांगायचे आणि त्यात कुणालाही चूक काढता यायची नाही. तांबडी आधीच हाडावर आलेली. जेवढं द्यायची तेवढं सगळं सकाळ-संध्याकाळ संस्थेत जायचं. पिऊ नये म्हणून गोऱ्ह्याला मुसकं. आमच्याकडं चार सडांतलं एक सड वासराचं असतं, कितीही नडीचा माणूस असो, ते पिळत नाहीत. त्या उन्हाळ्यात काकू चारही पिळत होती. मला हे कुणी सांगितलं नाही. मी पोट उघडलं होतं.

“तू फोनवर सांगितलंस ना, रोग हाय म्हणून,” ती म्हणाली. “आमाला दोराभाईर काढलं. पण म्हटलं, रोगानं गेलं, आन् मला लई दिसांनी झोप लागलती रे.”

तिचा आवाज चढला नव्हता. ती नुसतं सांगत होती. मी प्रबंधात पुढं लिहिलं की नमुना क्रमांक दोन, दोन्ही प्रतिजनांसाठी, म्हणजे विषाणू आणि जिवाणू दोन्हींसाठी, नकारात्मक. खरं होतं ते. बरोबर धुतलेलं.

संध्याकाळी संस्थेची घंटा झाली. जो तो आपल्या गाईखाली बसला. पितळी चरव्यांत पहिली धार पडते तो आवाज सगळ्या मैदानावरून आला आणि धार जाड होत गेली तसा विरत गेला. काकूही बसली. तांबडी पान्हा सोडेना, वास घ्यायला गोऱ्हं नव्हतं. काकू तिच्या कासेला डोकं लावून किती तरी वेळ बसून राहिली, तेव्हा कुठं धार आली. तीन सडं झाली. ती उठली.

मापावर आबाच होते. चरवी ओतली, माप वर धरलं, आणि सवयीनं विचारलं, “आज कमी हाय का गं गया?”

“व्हय,” काकू म्हणाली. “गोऱ्ह्याला ठिवलं.”

आबांनी माप रिकामं केलं आणि पुढच्याला हाक मारली.